‘क्लोज’ म्हणजे जवळ की बंद? इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

जळगाव घ्या, धुळं घ्या, नंदुरबार घ्या, बाजारपेठेत एक चक्कर मारा, कुठल्या ना कुठल्या शटरवर पाटी दिसेलच, ‘मंडे क्लोज’. आपल्याला कळतं की सोमवारी दुकान बंद. पण हेच वाक्य पूर्ण करून कोणी ‘द शॉप इज क्लोज’ असं लिहिलं तर इंग्रजी नीट येणारा माणूस त्याचा अर्थ घेतो की दुकान इथून जवळच आहे! म्हणजे एक अक्षर राहिलं आणि अर्थ पार दुसरीकडे गेला. आपल्याकडची पोरं-पोरी बँकेच्या परीक्षा देतात, पुण्याला पहिल्या नोकरीला जातात, कस्टमर केअरला बसतात, त्यांना हा शब्द दिवसातून वीसदा भेटतो आणि प्रत्येक वेळी वेगळ्या कपड्यात भेटतो. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय, सावकाश वाचा, घाई नको.

पायरी १: अर्थ नंतर, आधी कान

स्पेलिंग एकच, पण बोलताना हे दोन शब्द आहेत. जवळ या अर्थाचा शब्द शेवटी ‘स’ ने संपतो, क्लोस. बंद करणे या अर्थाचा शब्द शेवटी घुमतो, तो मी इथे क्लोझ असा लिहितो. आपण मराठीत दोघांना सरसकट ‘क्लोज’ म्हणतो, जेवणातला ‘ज’ लावून, तो तर दोन्हीकडे चुकीचा.

घुमणारा आवाज कसा काढायचा? गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि लांब ‘सssss’ म्हणा. बोटांना काही जाणवणार नाही. आता जीभ तिथेच ठेवून, अजिबात न हलवता, आतून आवाज सोडा. मधमाशी गुणगुणते तसं झालं आणि बोटांखाली थरथर आली की तो आवाज बरोबर. अजून एक खूण आहे, क्लोझ म्हणताना मधला ‘ओ’ जरा लांबतो, क्लोस म्हणताना तो आखूड राहतो. फोनवर लाइन खराब असली की शेवटचा आवाज नीट ऐकू येत नाही, तेव्हा या लांबीवरून ओळखता येतं.

हा खेळ फक्त याच शब्दाचा नाही बरं का. ‘यूज’ हा शब्द नाम असताना यूस आणि क्रियापद असताना यूझ. एक्स्क्यूज तसाच, कारण सांगितलं तर एक्स्क्यूस, माफ करा म्हटलं तर एक्स्क्यूझ. म्हणजे क्रिया असली की घुमतं, हे एक लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं.

पुढचे शब्द त्यातूनच निघतात. क्लोसर म्हणजे अजून जवळ. क्लोझिंग, क्लोझ्ड म्हणजे बंद करण्याच्या बाजूचे. आणि ‘क्लोजर’ हा नाम असलेला शब्द, म्हणजे फाइल बंद होणे, खातं बंद होणे, त्याचा आवाज मेजर (मोजणे या अर्थाचा, सैन्यातला नव्हे), प्लेजर या शब्दांतल्या मधल्या आवाजासारखा, क्लोसरपेक्षा अगदी वेगळा. अंगावरचे कपडे, क्लोद्स, हा शब्दही बरेच इंग्रज बोलताना चक्क क्लोझ असाच उच्चारतात, त्यामुळे सिनेमात ‘आय नीड न्यू क्लोझ’ ऐकलं तर गोंधळू नका, माणूस कपडे मागतोय.

आणि टूथपेस्टचं नाव? कॅमेरा तोंडाजवळ आणून काढलेल्या फोटोला क्लोस-अप म्हणतात, त्यात ‘जवळ’ आहे, म्हणून तिथे ‘स’. आपण दुकानात क्लोजअपच मागणार, ते ठीक आहे, पण इंटरव्ह्यूमध्ये फोटोग्राफीबद्दल बोलताना ‘स’ ठेवा.

पायरी २: एका शब्दात दोन अर्थ कसे आले ते समजून घ्या

हे समजलं ना की पाठांतर निम्मं होतं. लॅटिनमध्ये ‘क्लाउडेरे’ म्हणजे मिटणे, बंद करणे. त्याचं रूप ‘क्लाउसुस’, म्हणजे मिटलेलं. ते जुन्या फ्रेंचमधून ‘क्लो’ होऊन इंग्रजीत आलं. म्हणजे मूळ अर्थ बंदचाच. आता विचार करा, दार मिटलं म्हणजे काय झालं, दोन फळ्यांमधली फट गेली. फट गेली म्हणजे दोन्ही फळ्या एकमेकीला लागल्या, जवळ आल्या. बस्स, तिथून ‘जवळ’ हा अर्थ फुटला.

म्हणून पुढे जिथे हा शब्द दिसेल तिथे स्वतःला एकच प्रश्न विचारा, इथे कुठली फट मिटलीये किंवा कुठली फट अगदी थोडी उरलीये? दाराची, दोन माणसांमधली, दोन टीमच्या स्कोअरमधली, की हवा खेळायची? उत्तर मिळालं की अर्थ मिळाला.

इन्क्लूड, एक्स्क्लूड, कन्क्लूड, क्लॉज, क्लॉझेट, डिस्क्लोझ, एन्क्लोझ, ही सगळी त्याच घरातली भावंडं. अर्जाच्या खाली आपण ‘एन्क्लोझर्स’ लिहितो ना, सोबत जोडलेली कागदपत्रं, ती म्हणजे पाकिटात आत बंद केलेली. आणि डिस्क्लोझ म्हणजे बंद ठेवलेलं उघड करणे.

पायरी ३: ‘बंद’ या मराठी शब्दापासून सावध

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून इथे जरा थांबतो. आपला ‘बंद’ फार मोठ्या पोटाचा शब्द आहे. लाईट बंद, पंखा बंद, मोबाईल बंद, नळ बंद, पाऊस बंद, बस बंद पडली, दूधवाल्याला बंद केलं. इंग्रजीतलं क्लोझ एवढं सगळं पोटात घेत नाही. त्याला फट किंवा तोंड असलेली वस्तू लागते, किंवा चालू असलेलं एखादं कामकाज जे रीतसर संपवायचंय.

म्हणून दार, खिडकी, डोळे, पुस्तक, डब्याचं झाकण, रेल्वे फाटक, रस्ता, दुकान, खातं, मीटिंग, कंप्युटरवरची फाइल, हे सगळं क्लोझ होतं. पण ‘क्लोझ द फॅन’ म्हणू नका, ‘क्लोझ द लाईट’ तर अजिबात नको, तिथे ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’. नळालाही टर्न ऑफ. पाऊस बंद झाला, ‘द रेन स्टॉप्ड’. पारोळ्याच्या पुढे बस बंद पडली, ‘द बस ब्रोक डाउन’. मोबाईलमध्ये दोन्ही येतात, नीट बघा: ॲप क्लोझ करतात, मोबाईल स्विच ऑफ करतात.

आता पाटीवाली गोष्ट. उघडं असेल तर ‘ओपन’, त्याला काही लावायचं नाही. बंद असेल तर ‘क्लोझ्ड’, शेवटचा ‘ड’ पाहिजेच. ‘ओपन’ ला काही लागत नाही म्हणून आपण ‘क्लोज’ लाही लावत नाही, चूक तिथून येते. पण क्रिया सांगायची असेल तर ‘ड’ नको: ‘द शॉप क्लोझेस ॲट नाइन’, नऊला बंद होतं. ‘द शॉप इज क्लोझ्ड ऑन मंडेज’, सोमवारी बंद असतं. पाटीवर नुसतं ‘मंडे क्लोझ्ड’ लिहा, झालं. कोणाच्या ओळखीत पेंटर असेल तर सांगा त्याला, एका अक्षराचा रंग लागेल फक्त.

शट आणि क्लोझ यात फरक काय असं नेहमी विचारलं जातं. दार-खिडकीला दोन्ही चालतात, शट जरा जोरात वाटतं, क्लोझ सौम्य. पण खातं, मीटिंग, चर्चा, केस यांना शट चालत नाही, तिथे क्लोझच.

बँकेत जाल तेव्हा दोन शब्द वेगळे ठेवा. ‘क्लोझिंग बॅलन्स’ म्हणजे दिवसाच्या किंवा महिन्याच्या शेवटी खात्यात उरलेली रक्कम, याचा खातं बंद होण्याशी काही संबंध नाही, पासबुकवर हे बघून घाबरणारी माणसं आहेत म्हणून सांगतो. दुसरा ‘फोरक्लोजर’. आपल्याकडे बँका हा शब्द कर्ज मुदतीआधी फेडून टाकण्यासाठी वापरतात, ट्रॅक्टरचं लोन आधीच फेडलं तर फोरक्लोजर केलं म्हणतात. अमेरिकेतल्या बातमीत हाच शब्द आला तर अर्थ उलट्या बाजूचा, हप्ते थकले म्हणून बँकेने घर ताब्यात घेतलं. परीक्षेच्या उताऱ्यात कुठल्या देशाची गोष्ट चाललीये ते आधी बघा.

पोलिसांची ‘क्लोजर रिपोर्ट’ पेपरात वाचता ना, ती म्हणजे तपासात खटला चालवण्याइतकं काही निघालं नाही असं कोर्टाला कळवणारा अहवाल. महाराष्ट्रात त्यालाच ए, बी, सी समरी म्हणतात.

पायरी ४: ‘जवळ’ पासूनही सावध

आपण म्हणतो ‘स्टेशनपासून जवळ’, म्हणून पोरं बोलतात ‘क्लोज फ्रॉम स्टेशन’. चूक. इंग्रजीत क्लोस च्या पुढे ‘टु’ येतो. ‘माय हाउस इज क्लोस टु द स्टेशन’. फ्रॉम येतो तो अंतर मोजताना आणि लांब सांगताना, ‘भुसावळ इज अबाउट २५ किलोमीटर्स फ्रॉम जळगाव’, ‘फार फ्रॉम’, ‘अवे फ्रॉम’. जवळ असेल तर टु, लांब असेल तर फ्रॉम.

‘निअर’ ला मात्र काहीच लागत नाही, ‘निअर द स्टेशन’. ‘निअर टु द स्टेशन’ अगदीच चूक नाही पण साधं बोला. आणि ‘निअरबाय’ च्या पुढे जागेचं नाव येत नाही, ‘देअर इज अ हॉस्पिटल निअरबाय’ आणि पूर्णविराम.

दुसरी चूक याहून मोठी आहे. ‘माझ्याजवळ पैसे नाहीत’ मधलं जवळ हे अंतर नाही, ते असणं आहे. अहिराणीत आपण ‘मनाजोडे’ म्हणतो तेव्हाही तसंच, शेजारीही तेच आणि सोबतही तेच. इंग्रजीत तिथे निअर किंवा क्लोस टाकायचं नाही, ‘आय डोन्ट हॅव मनी’. ‘निअर मी नो मनी’ असं बोललात तर समोरच्याला वाटेल आजूबाजूला कुठे पैसे पडलेत का ते शोधताय.

तिसरं, क्लोस आणि क्लोसली. शरीराने जवळ असाल तर ‘ली’ नको: ‘स्टँड क्लोस’, ‘कम क्लोसर’. लक्ष देऊन किंवा घट्ट संबंध असेल तर ‘ली’: ‘वॉच क्लोसली’, ‘क्लोसली रिलेटेड’. परीक्षेच्या सूचनांमध्ये ‘पे क्लोस अटेन्शन’ येतं, म्हणजे एकही गोष्ट फटीतून निसटू देऊ नका. बघितलं ना, परत फट.

‘जवळजवळ’ साठी काय? ‘निअरली’ किंवा आकडा असेल तर ‘क्लोस टु’. भुसावळला मे महिन्यात ‘द टेंपरेचर वॉज क्लोस टु ४५’, पंचेचाळीसच्या आसपास. ‘क्लोसली ४५’ असं काही नसतं.

पायरी ५: माणसांमधलं जवळपण

इथे चूक झाली तर फक्त मार्क जात नाहीत, गैरसमज होतो, म्हणून नीट वाचा.

‘क्लोस फ्रेंड’ म्हणजे जिवलग, जवळचा मित्र. ‘वी आर क्लोस’ म्हणजे आमचं चांगलं जमतं, मनातलं बोलतो. बहिणी, आई-मुलगी, मामा-भाचे, कोणाबद्दलही म्हणता येतं, यात दुसरा काही अर्थ नसतो. ‘क्लोस-निट फॅमिली’ म्हणजे एकमेकांना धरून राहणारं घर. ‘निअर फ्रेंड’ मात्र म्हणत नाहीत. निअर हा शब्द जागा, वेळ आणि नातं याला जास्त लागतो, मनाला कमी. म्हणून ‘निअर फ्यूचर’ बरोबर, ‘क्लोस फ्यूचर’ नाही.

नात्यावरून एक फार कामाची गोष्ट. सरकारी कागदावर ‘निअर रिलेटिव्ह’ आलं तर आपल्या मनातलं जवळचं नातं चालत नाही, त्या कायद्यातली यादी चालते. अवयवदानाचा १९९४ चा कायदा बघा, त्यात निअर रिलेटिव्ह म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडं आली. काका, मामा, वहिनी, चुलतभाऊ या यादीत नाहीत. आपल्या घरात वहिनी आईच्या जागी असते, चुलतभावाला कोणी चुलत म्हणून ओळखही करून देत नाही, पण कागद ते मानत नाही, त्या नात्यासाठी वेगळी परवानगी लागते. दवाखान्यात घाईच्या वेळी हे माहीत असलेलं बरं.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘नेक्स्ट ऑफ किन’ दिसेल. शेजारचा किंवा पुढचा असं काही नाही, सगळ्यात जवळचा नातेवाईक. जुन्या इंग्रजीत निअर आणि नेक्स्ट ही एकाच शब्दाची रूपं होती, निअर म्हणजे अधिक जवळ आणि नेक्स्ट म्हणजे सगळ्यात जवळ. तिथे ज्याला आधी फोन करायचा त्याचं नाव आणि नंबर लिहा.

आता ‘इंटिमेट’. जुन्या डिक्शनरीत ‘इंटिमेट फ्रेंड’ म्हणजे जिवलग मित्र असं सापडेल, काही गाइडांमध्ये अजून आहे. आज हे बोलू नका. आज इंटिमेट म्हटलं की लोकांच्या डोक्यात शारीरिक जवळीक येते, ऑफिसात सहकाऱ्याबद्दल असं बोललात तर तिची किंवा त्याची पंचाईत होईल. ‘क्लोस’ म्हणा, विषय संपला. पण सरकारी पत्रात ‘काइंडली इंटिमेट धिस ऑफिस’ आलं तर दचकू नका, तिथे इंटिमेट क्रियापद आहे, कळवा एवढाच अर्थ. त्याचा आवाजही वेगळा, कळवणं असेल तर शेवट ‘मेट’ असा लांब, जवळीक असेल तर ‘मिट’ असा तोकडा. इंटिमेशन लेटर म्हणजे कळवल्याचं पत्र.

पायरी ६: थोडक्यात वाचलो, थोडक्यात हुकलं

क्रिकेटमधून हे पटकन कळतं. २००७ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल आठवते का, जोगिंदर शर्माची शेवटची ओव्हर, मिसबाहचा तो स्कूप आणि श्रीशांतने घेतलेला कॅच, भारत ५ रनांनी जिंकला. ती ‘क्लोस मॅच’. २०१९ ची वनडे फायनल, मॅच टाय, सुपर ओव्हरही टाय, आणि इंग्लंड चौकार-षटकारांच्या संख्येवर विजेता ठरलं, याहून क्लोस काय असणार. फट उरलीच नाही. निवडणुकीत ‘टू क्लोस टु कॉल’ म्हणजे कोण येईल सांगताच येत नाही.

ट्रक अंगावर येता येता वाचलात तर ‘दॅट वॉज अ क्लोस कॉल’ किंवा ‘क्लोस शेव्ह’. ‘निअर मिस’ पण तेच, अपघात जवळून गेला, झाला नाही. आणि कोणी बोललेलं मनाला लागलं, आपल्याच घरातलं कोणी ओळखून बोलल्यासारखं वाटलं, तर ‘इट वॉज टू क्लोस टु होम’, घर जवळ आहे असा अर्थ घेऊ नका.

पायरी ७: हवामान

ब्रिटिश लोक ‘इट्स क्लोस टुडे’ म्हणतात तेव्हा जागेचा विचार सोडा. हवा कोंदलीये, वारा नाही, घाम वाळत नाही, हा अर्थ. हवेला खेळायला फट नाही.

आपल्या खान्देशात याचा वापर कधी करायचा हे नीट कळायला हवं. एप्रिल-मेचं आपलं ऊन कोरडं असतं, झळा लागतात, ओठ फाटतात, कूलर छान चालतो. त्याला क्लोस म्हणायचं नाही, ‘हॉट’ म्हणा, ‘स्कॉर्चिंग’ म्हणा. पण जूनमध्ये ढग भरून येतात, पान हलत नाही, कूलर लावला तर अंग अजून चिकट होतं आणि पाऊस काही पडत नाही, ती हवा खरी ‘क्लोस’. गदगदतंय म्हणतो ना आपण, ते.

पायरी ८: ऑफिसात

पुण्यात पहिल्या आठवड्यात कानावर पडेल: ‘तिकीट क्लोझ कर’, म्हणजे ग्राहकाची तक्रार सोडवून नोंद संपव, नुसती खिडकी बंद करू नको. ‘डील क्लोझ झाली’, सौदा पक्का झाला. हे मराठी माणसाला उलटं वाटतं, कारण आपल्याकडे सौदा बंद म्हणजे फिसकटला, पण इंग्रजीत सौदा क्लोझ होणं ही आनंदाची बातमी आहे, पेढे वाटा. ‘क्लोझ ऑफ बिझनेस’ म्हणजे आजचं ऑफिस सुटेपर्यंत. ‘क्लोझिंग डेट’ अर्जाची शेवटची तारीख. ‘क्लोझ्ड डोअर मीटिंग’ मोजक्याच लोकांत.

तुकडे जोडून आलेले पण ओळखा. ‘क्लोझ डाउन’ कायमचं बंद, गावातली गिरणी क्लोझ डाउन होते, दुकान रात्री नुसतं क्लोझ होतं. ‘क्लोझ इन’ चारी बाजूंनी घेरत येणे. हात आखडता असलेला माणूस ‘क्लोस-फिस्टेड’, मूठ मिटलेली.

लंडनला नातेवाईक असतील आणि पत्त्यात रस्त्याच्या नावापुढे ‘क्लोज’ असेल तर रस्ता बंद आहे असं नाही, ती पुढे वाट नसलेली छोटी गल्ली असते, उच्चार क्लोस. एडिनबरोच्या जुन्या भागात तर दोन उंच इमारतींमधल्या अरुंद बोळांनाच क्लोस म्हणतात.

पायरी ९: आता मोठ्याने वाचा

मोबाईलवर रेकॉर्ड करा, ऐका, कुठे ‘स’ आला आणि कुठे घुमलं ते तपासा. उत्तरं लगेच पुढे आहेत, पण आधी स्वतः ठरवा.

‘प्लीज क्लोज द गेट, द ट्रेन इज क्लोज.’ पहिलं घुमणारं, दुसरं ‘स’.

‘द बँक क्लोज टु माय हाउस इज क्लोज्ड टुडे.’ पहिलं ‘स’, दुसरं घुमणारं.

‘माय क्लोज फ्रेंड क्लोज्ड हिज शॉप.’ पहिलं ‘स’, दुसरं घुमणारं.

‘वी आर क्लोज टु क्लोजिंग द डील.’ इथे पहिलं ‘स’, दुसरं घुमणारं, आणि हे वाक्य न अडखळता म्हणता आलं की ‘दे वर टू क्लोज टु द डोअर टु क्लोज इट’ घ्या: ते दाराच्या इतके जवळ उभे होते की दार लावता येईना. पहिलं ‘स’, दुसरं घुमणारं.